सायबाच्या भुयारातलं गाऱ्हाणं

पळसुले साहेबांनी लोखंडी पायपाला तोंड लावलं आणि हाक मारली, "गुणाजीऽ. ए गुणाजीऽ."

मग तोंड काढून तिथेच कान लावला. भुयारात आम्ही दाटीवाटीने उभे होतो, पण कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. पायपातून काही आलं नाही. आत कुठेतरी पाणी टपकत होतं, ते टपकत राहिलं.

"तुझ्या पायपातून बघ, नारू."

दुसरा पाइप माझ्यापाशी होता. मी ओरडलो, "गुणोमामानू, मी नारू. बोला काय तरी."

काही नाही.

"ढिगातून ठोकलेला एक पाइप डाव्या फाट्यात गेलाय, एक उजव्या," साहेब म्हणाले. आमच्याशी नव्हे, समोरच्या दगडमातीच्या ढिगाशी बोलावं तसे. "माणूस एकाच फाट्यात असणार. पण कुठल्या?"

"दोनीकडसून खणूया, सायबानू," बाळगो म्हणाला. आमच्या टोळीत तो सगळ्यांत वयस्कर.

साहेबांनी कंदील वर धरला. दोन फाट्यांच्या मधोमध दगडाचं एक जाडजूड नाक पुढे आलं होतं. हिरवट, ओलं, चकाकणारं. त्यावर बोट फिरवून साहेबांनी ते बाळगोला दाखवलं. बोटावर साबण लागावा तशी चिकण होती.

"सगळं छत या नाकावर टेकलंय. दोन्हीकडून पोखरलं की हे सुटेल, आणि मग आपल्याला शोधायला दुसरं कुणीतरी पाइप घेऊन येईल. लाकडंही एका बाजूपुरतीच आहेत. बाजू एकच धरायची. चुकली तर चुकली."

आमचा काजऱ्याचा डोंगर तुम्ही पाहिलेला नसणार. कणकवलीहून घाटाच्या अंगाला निघालं की भिरवली गाव लागतं, आणि भिरवलीच्या मानेवर बसल्यासारखा हा डोंगर. उंचीने बेताचा, पण पोटात खोड फार. माझ्या आज्याच्या वेळी एक गोरा साहेब घोड्यावरून आला. घोड्याला डोंगरावर ठेच लागली, साहेबाने तो दगड उचलायला हात घातला, तर दगड उठेना आणि साहेबाची कंबर धरली. एवढा लहान धोंडा आणि एवढा जड कसा, म्हणून त्याने डोंगर खणायला घेतला, असं आजा सांगायचा. आज्याचं सांगणं निम्मं कापून घ्यायचं, ही आमच्या घराण्याची रीतच आहे. पण धोंडा खरंच काळाकुळकुळीत आणि लोखंडासारखा जड होता, त्यात एका गुंजेची थाप नाही.

साहेबाने त्या काळ्या दगडाच्या मागे मागे भुयार नेलं. आत दगड अचानक संपला. मग हरवलेली म्हैस शोधावी तसा एक फाटा डावीकडे नेला, एक उजवीकडे. म्हैस मिळाली नाही. साहेब गेला. पुढे कोल्हापूरचा एक ठेकेदार आला, त्याने वरून चर खणले, चार गाड्या काळा दगड नेला, तोही गेला. आणि मग स्वराज्य आल्यावर पळसुले साहेब आले, तंबू, नकाशे, हातोडी आणि एक लांब नाक घेऊन. दगडाला ते क्रोमाइट म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला फणसाखाली बसवून सांगितलं, "हा दगड शिरेसारखा धावत नाही रे. हिरव्या दगडात हा फणसातल्या गऱ्यांसारखा असतो. चार गरे हाताला लागले म्हणून पाचवा कुठे, ते फणसालाच ठाऊक. आपण तो फणस कापून बघायला आलोय."

हे आम्हाला पटलं. इतक्या वर्षांत आमच्या डोंगराबद्दल आमच्या भाषेत बोललेला हा पहिलाच माणूस.

जुनं भुयार साफ करून त्याला लाकडाचे टेकू द्यायचे, हे आमचं काम. आणि आमच्यावर मुकादम होता गुणाजी.

गुणाजीला मी मामा म्हणायचो. नात्याने तो माझा कुणीच नव्हता. पण मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो, आणि गुणाजीला शेवंती नावाची मुलगी होती, तेव्हा मामा म्हणणं मला सोयीचं होतं. त्याला ते बरोबर कळत होतं. "माका मामा म्हणा नको," तो सगळ्यांदेखत सांगायचा. "थापाड्याक चेडू देणारो मामा अजून जन्माक येवचो हा."

थापाड्या म्हणे. आता थापांमध्ये हा माणूस मला शिकवेल असा होता. पण त्याच्या थापा माझ्यासारख्या उघड्यावर नसत, तो त्या तोंड वाकडं न करता, विडी ओढत, खर्जात सांगायचा. आमचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात त्याने टोळीला सांगितलं होतं की भुयारात गोऱ्या साहेबाचा एक जोडीदार, तोही गोरा साहेबच, गाडला गेलाय, आणि तो हाका मारतो.

"नावान हाक मारता," गुणाजी म्हणाला होता. "तुझा नाव तेका ठावक असता. ओ दिलास की गेलास. मगे तुझ्याच आवाजात तो दुसऱ्याक हाक मारता. बायलेच्या आवाजात, पोरांच्या आवाजात. भुयारात एकटो असताना कोणी हाक मारली तर जीव गेलो तरी तोंड उघडू नको."

त्या दिवसापासून मुकादमाशिवाय एकटं भुयारात जायची कुणाची छाती झाली नाही. हेच त्याला हवं होतं. दारूबंदीचे दिवस, आणि उजव्या म्हणा, डाव्या म्हणा, कुठल्यातरी फाट्यात त्याने काजूच्या दारूची बरणी पुरून ठेवली होती. दुपारी आम्ही भाकरी सोडायला बसलो की मुकादम "टेकू तपासून येतंय" म्हणून आत जायचा आणि बाहेर आला की टेकूंबद्दल फार प्रेमाने बोलायचा. बरणी कुठल्या फाट्यात हे फक्त त्यालाच माहीत.

त्या दुपारीही तो तसाच आत गेला होता. आम्ही भाकरी सोडली, आणि डोंगराने पोटातून एक ढेकर दिला. जमीन हलली नाही, आवाजही फार मोठा नव्हता. भुयाराच्या तोंडातून हिरवट धूळ आली, ती मात्र येतच राहिली.

तर आता आम्ही त्या ढिगासमोर होतो, आणि साहेब पायपातून हाका मारत होते.

मागे बायकांची रांग लागली होती. घमेल्याने माती बाहेर काढायला त्याच असत. रांग मधूनच फुटली आणि शेवंती पुढे आली. हातात रिकामं घमेलं तसंच.

"बापूस खंय माझो?"

साहेबांनी तिला पाइप दाखवला. "तू हाक मार. तुझा आवाज ओळखतील."

ती गुडघ्यांवर बसली आणि पायपात बोलली, "बाबा. ओ बाबा. मी शेवंती."

तिने कान लावला. आधी डाव्या पायपाला, मग उजव्या. मग पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. चौथ्यांदा तिच्या आवाजाच्या चिरफळ्या झाल्या, तेव्हा बाळगोने तिचा खांदा धरला.

"ओ देऊक माणूस जितो होयो गो," तो हळूच म्हणाला. त्याला ते बोलायचं नव्हतं, पण तो बोलला.

साहेबांनी टोपी काढली आणि लगेच परत घातली. काढायची वेळ झालेली नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं. "उजवा फाटा लांब आहे," ते म्हणाले. "तिथे हवाही जास्त. उजवीकडे धरू. निदान..."

"आणि डावीकडे असलो तर?" शेवंती म्हणाली.

साहेब पुन्हा उजव्या पायपाशी वाकले.

मी तोवर डाव्या पायपाशी कान लावून बसलो होतो. साहेबांनी उजव्यातून आणखी एकदा हाक मारली, आणि ती हाक आतल्या पोकळीत फिरून माझ्या पायपातून माझ्या कानात आली. अंगावर सर्रकन काटा आला. तो पळसुले साहेबांचा आवाज नव्हताच. लोखंडातून, दगडातून, पाण्यावरून आलेला, नाकातला, परदेशी असा कुणाचा तरी आवाज होता, आणि तो म्हणत होता, "गुणाजीऽऽ."

गोरा साहेब हाक मारत होता. नाव घेऊन.

मग मी हाक मारली. माझ्या आवाजात. मग शेवंतीने मारली. मुलीच्या आवाजात.

अंधारात आपलीच थाप आपल्याला खरी वाटायला लागते. ज्याने आयुष्यभर थापा मारल्यात त्यालाच हे कळेल. आत त्या काळोखात, एकटा, बरणीतलं थोडं पोटात गेलेलं, वर डोंगर बसलेला, आणि दगडाच्या आतून मुलीच्या आवाजात हाक येतेय. गुणाजी जिवंत होता. आणि जिवंत होता म्हणूनच तोंड घट्ट मिटून बसला होता.

"सायबानू," मी म्हटलं, "तेका नावान हाक मारू नको सांगा कोणाक. तो ओ देवचो नाय."

"का?"

मी सांगितलं. साहेबांना ते समजायला दोन श्वास लागले. बाळगोला एकही लागला नाही. "अरे द्येवा," तो म्हणाला आणि पायपापासून मागे सरकला, जणू पायपात खरोखर कुणी बसलंय.

"मग कशी हाक मारायची?" साहेब म्हणाले. "कुठल्याही आवाजाला तो घाबरणार."

"जा भूत बोलूक शकणा नाय ता बोलूक व्हया," शेवंती म्हणाली.

आमच्या गावात देवासमोर गाऱ्हाणं घालतात. लग्न असो, पेरणी असो, म्हैस हरवो, देवळासमोर उभं राहून घाडी देवाला मोठ्याने सगळी हकीकत सांगतो, आणि दर मागणीअखेर जमलेले सगळे एका तोंडाने म्हणतात, "व्हय म्हाराजा." ते न म्हटलेला माणूस भिरवलीत नाही. लहान पोरं बोलायला आईच्या आधी हे शिकतात. झोपेत असलेल्या माणसाच्या कानाशी गाऱ्हाणं घाला, तो कूस बदलत "व्हय म्हाराजा" म्हणेल. आणि रवळनाथाचं नाव भुताच्या जिभेवर येत नाही, हे तर गुणाजीने आम्हाला कितीदा सांगितलेलं.

घाडी आमच्या घरातला. माझा बापूस. पण तो होता खाली गावात, आणि मी होतो वर. बापूस असताना मुलाने गाऱ्हाणं घालू नये. मी डाव्या-उजव्या दोन्ही पायपांच्या मधे उभा राहिलो, डोक्याचं मुंडासं सोडून कमरेला बांधलं आणि सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आई पावणाई, गावच्या राखणदारा, बारा-पाचाच्या म्हाराजा. आज ह्या तुझा लेकरू, गुणाजी, ह्या डोंगराच्या पोटात अडाकला हा. तेची वाट मोकळी कर, तेच्या वयलो धोंडो फुलासारखो हलको कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळं भुयार गरजलं.

टोळीतली माणसं, बायकांची रांग, बाहेर उभे असलेले, सगळे एकदम. छतातून खडे सुटले, एक मोठा टवका नाकापासून निसटून साहेबांच्या पायाशी फुटला.

"हळू," साहेब दबक्या आवाजात ओरडले. "ठार व्हाल सगळे. कुणी बोलायचं नाही."

"बोलाक नाय ओ," बाळगो गयावया करत म्हणाला. "आपसूक जाता तोंडातसून."

तेही खरंच होतं. शेवटी प्रत्येकाने पदराचा, पंच्याचा, मुंडाशाचा बोळा तोंडात कोंबला. बाळगोने तर दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरला. शेवंती उजव्या पायपाशी, साहेब डाव्यापाशी कान लावून बसले. मी पुन्हा तेच गाऱ्हाणं घातलं, हळू, पण देवळातल्यासारखं ताणून. "...फुलासारखो हलको कर रे म्हाराजा..."

सगळ्यांच्या घशात एकदम गुरगुर झाली आणि बोळ्यात मेली.

आणि मग शेवंतीचा हात वर गेला.

तिने पाइप सोडला नाही, काही बोललीही नाही. उजवा हात वर. मी धावत जाऊन कान लावला. आतून, खूप लांबून, जड जिभेने, पण अगदी देवळाच्या तालात आलं, "...म्हाराजा."

साहेब उठले. "उजवीकडे. लाकडं आणा. आणि नारू, तू थांबायचं नाहीस. तो बोलत राहिला तर जागा राहील, आणि आपण कुठवर आलो तेही कळेल. बोलतं ठेव त्याला."

काम सुरू झालं. पळसुले साहेब अंगरखा काढून स्वतः पुढे होते. जरा माती काढायची, दोन उभे टेकू, वर आडवं लाकूड, मग पुन्हा जरा माती. कुणी घाईने पहार जास्त आत घातली की ते मनगट धरायचे. हिरवा दगड हाताखालून सरकत होता, जिवंत माशासारखा. एकदा आडव्या लाकडाने कर्र केलं आणि सगळे जिथल्या तिथे थिजले. मी मात्र बोलत होतो. पिकाचं गाऱ्हाणं झालं. गुराढोरांचं झालं. गावच्या सुखाचं, पाण्याचं, इडापिडेचं, परगावी गेलेल्यांचं. दर वेळी पायपातून "व्हय म्हाराजा" येत होतं, आणि दर वेळी थोडं बारीक होत होतं.

मग माझं गाऱ्हाणं संपलं. बापसाकडून जेवढं ऐकलं होतं तेवढं सगळं घालून झालं.

"थांबू नकोस," साहेब पुढून म्हणाले.

"आणि म्हाराजा," मी म्हटलं, "ह्या भुयारात सायब नाय, भूत नाय. काजूच्या दारूची बरणी आसा, आणि ती ह्या तुझ्या लेकरान लपयलेली आसा रे म्हाराजा..."

जरा वेळ गेला. मग अगदी ओशाळं, "व्हय म्हाराजा."

साहेबांची पहार क्षणभर थांबली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण पाठ हसली. मला जोर चढला.

"आणि तुझ्या लेकराच्या नि घाड्यांच्या मेरेच्या बांधावर जो फणस आसा, जेच्यावरसून दोन पिढ्यो भांडण चालू आसा, तो फणस घाड्यांचो, ह्या ते मान्य करतत रे म्हाराजा..."

यावेळी वाट बघावी लागली. पाणी टपकलं, पुन्हा टपकलं. "व्हय म्हाराजा," आतून आलं. बाळगोच्या बोळ्यामागे हसू अडकलं आणि त्याला ठसका लागला.

आता तुम्ही म्हणाल, इथेच थांबायचं होतं. पण माझ्यापुढे एकामागोमाग एक "व्हय" पडत होतं. आतला माणूस देवासमोर बांधला जात होता, अख्खी टोळी साक्षीला होती. आणि चार पावलांवर शेवंती कान लावून बसली होती, तिच्या गालावर हिरवी धूळ होती.

"आणि म्हाराजा," मी म्हटलं, "ह्या लेकराची शेवंती घाड्याच्या नारूक देऊची, अशी बुद्धी तेका दी रे म्हाराजा."

पायपातून काही आलं नाही.

साहेबांनी हात वर करून काम थांबवलं. मी पुन्हा म्हटलं, तेच. आवाज माझा मलाच पोकळ लागला. काही नाही. पाणी टपकत होतं.

"बेशुद्ध पडला असेल," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा घामाने आणि मातीने ओळखू येत नव्हता. "आता अगदी जवळ आलोय आणि पुढचा दगड मोठा आहे. तो त्याच्या अंगावर सरकू नये, तर तो कुठे आहे ते कळायला हवं. काहीही कर. बोलतं कर."

मी गाऱ्हाणं पहिल्यापासून घालायला तोंड उघडलं. शेवंती माझ्याकडे वळली.

"माघारी घे."

"काय?"

"बेसुद नाय. गप ऱ्हवलेत ते. मरतीत, पण देवासमोर खोटा व्हय म्हणाचे नाय. माझो बापूस असोच आसा. माघारी घे."

"शेवंते, पण..."

"नारू."

एवढंच म्हणाली. त्या एका नावात काय काय होतं ते माझं मला ठाऊक. मी पायपाजवळ गुडघे टेकले. माझी जीभ, जी आजवर कधी अडली नव्हती, ती टाळ्याला चिकटली होती.

"म्हाराजा, माझा चुकला. गुणाजीन आपली शेवंती नारूक कधी देऊ नये, आणि नारून ती कधी मागू नये. तू साक्षी आसस. पण तेका जितो भायर काढ रे म्हाराजा."

मग पायपातून, क्षीण, पण ठणठणीत क्षीण असा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

"डावीकडे," तोवर त्या मोठ्या दगडाला कान लावलेली शेवंती साहेबांना म्हणाली. "दगडाच्या डावीकडे, खालच्या अंगाक."

तिथेच होता तो. दगड उजवीकडे वळवला, खालून पोकळी लागली, आणि हिरव्या चिखलात माखलेला एक हात बाहेर आला. गुणाजीचा पाय लाकडाखाली अडकून गुडघ्याजवळ मोडला होता. त्याला घोंगडीत घालून आम्ही बाहेर आणला, तेव्हा सूर्य काजऱ्याच्या मागे जात होता. त्याने डोळे मिटूनच विचारलं, "नारू खंय?"

"हंय असंय."

"फणस तुझो," गुणाजी म्हणाला. "चेडू नाय."

आणि मग बेशुद्ध पडला. मग, बरं का. आधी नव्हे.

तो दगड वळवला त्याच्यामागे काळ्या दगडाचा एक पुरुषभर उंचीचा गरा निघाला, गोऱ्या साहेबाच्या फाट्यापासून हातभर अंतरावर. साहेब वेडे व्हायचे बाकी राहिले. पुढचं वर्षभर आम्ही त्याच्या आजूबाजूला शोधलं. पुन्हा काही नाही. साहेबांनी हसत कागद गुंडाळले. त्यांच्या मते त्या डोंगरात आणखी गरे असतील, पण सरकारला सगळा फणस कापायला परवडणार नव्हता. जाताना त्यांनी मला त्यातला एक धोंडा दिला. तो अजून घरात आहे. लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून.

गुणाजीचा पाय वाकडा राहिला. फणस पिकला की मी अर्धे गरे त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायचो. पहिल्या वर्षी त्याने ते खाल्ले नाहीत. दुसऱ्या वर्षी खाल्ले. तिसऱ्या वर्षी गऱ्याच्या आठळ्या टाकता टाकता म्हणाला, "माका वाटता, तुका चेडू दिला असता मी. जीव दिलस तू माका. पण आता काय करतलंय? देवासमोर व्हय म्हटलंय. कधी देऊ नये म्हणान."

माझ्या बापसाने त्यावर देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर चिकटवलेली पाकळी होकाराला उजवीकडेही पडली नाही, नकाराला डावीकडेही नाही. चिकटून राहिली. देवसुद्धा कातावला असावा.

कौलानंतर एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना गुणाजी उठून आत गेला, आणि शेवंती बाहेर आली. मी उठायला लागलो. तिला मागायचं नाही, हे मीही देवासमोर बोललो होतो, आणि आजवर पाळलं होतं.

"बस," ती म्हणाली. "तुका मागूचा नाय. तेंका देवचा नाय. बरोबर?"

"बरोबर."

"माका कोणी कसली शपथ घातली हा?"

मी त्या दिवसाचं गाऱ्हाणं मनात पहिल्यापासून घालून बघू लागलो.

"नाय घातली," तीच म्हणाली. "तुझ्या बापसाक सांग, मी कोणाच्या देण्याची नाय. आपणहून येतंय."

तसंच झालं. भटजीच्या समाधानापुरता कन्यादानाला तिचा चुलता नावाला बसला, पण शेवंती पाटावर आली ती आपल्या पायाने. गुणाजी मांडवात होता, पण काठीवर रेलून अगदी शेवटच्या खांबापाशी, आणि कन्यादान झालं तेव्हा त्याने पाठ फिरवली. बोललेलं पाळायचं म्हणजे पाळायचं. भटजी उठल्यावर माझा बापूस देवाकडे तोंड करून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घालू लागला.

"...आणि म्हाराजा, ह्या चेडवाक कोणी मागूक नाय, कोणी देऊक नाय. ता आपल्या पायान ह्या घरात इला हा. तेचा बरा कर, तेची राखण कर रे म्हाराजा..."

मांडवात कुणी बोललं नाही. कसे बोलणार? सगळी भिरवली त्या मागच्या खांबाकडे बघत होती. बाळगोने तर स्वतःचा जबडा दोन्ही हातांनी धरला होता. मी पाटावर मुंडावळ्यांच्या आडून ऐकत होतो, श्वास धरून, त्या पायपाला कान लावावा तसा. शेवंतीने माझ्या हातातला आपला हात घट्ट केला.

काठीचं टोक जमिनीवर वाजलं. एकदा.

"व्हय म्हाराजा," मागच्या खांबापासून आलं, आणि मग सगळा मांडव गरजला.